एक जाळला

ओफेलियाच्या वडिलांनी, अपांनी, डावा हात टेबलावरून हळूहळू उचलला, आणि स्वयंपाकघरातले सगळे श्वास जणू त्या एका हाताला बांधल्यासारखे थांबले... उजव्या हातानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या पूर्वेकडच्या कितीतरी घरांवर छपरं चढवली होती, पण तो आता मांडीवर निपचित पडला होता. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची उजवी बाजू आणि वाचा बहुधा एकदमच जातात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. त्यात दैवाचा, शापाचा किंवा आई, अमा, म्हणत होती तसा कुणाच्या वाईट नजरेचा काडीइतका संबंध नाही, हे ओफेलियाला पक्कं ठाऊक होतं. तरीही, तो हात कुणाकडे वळतो हे पाहताना तिचं हृदय एखाद्या कोवळ्या मुलीसारखं धडधडत होतं!

बोट एफ्राईनकडे वळलं.

"मी म्हणत नव्हते?" अमा एप्रनच्या टोकानं डोळे टिपत म्हणाली. "परीक्षेला एफ्राईनच बसणार."

मग ते बोट थरथरत ओफेलियाकडे आलं आणि तिथंच थांबलं. अपांच्या वाकड्या झालेल्या ओठांतून एक अर्धवट आवाज निघाला.

"आणि तू त्याला शिकवायचंस, मिहा, माझ्या पोरी," अमानं त्या आवाजाचा अर्थ लावला. "या घरात डोकं तुझंच आहे. ते आता भावासाठी वापर."

आता! जणू आजवर ते डोकं ओफेलियानं स्वतःसाठी वापरलं होतं! तिनं समोरच्या ताटातली गार झालेली तोर्तिया दुमडली, पुन्हा उलगडली, आणि अगदी शांत स्वरात म्हणाली, "शिकवीन."

एफ्राईन खाली मान घालून बसला होता. तो इतकंच म्हणाला, "उपकार झाले, मास्तरीणबाई."

मास्तरीणबाई! ओफेलियाच्या काळजात एक जुनी कळ उठली. हा नवा टोमणा होता तर. जुना आता घासून गुळगुळीत झाला असावा.

प्रश्न साधा होता आणि जीवघेणाही. इमारत-कंत्राटदाराचा परवाना अपांच्या, फिदेन्सियो बाल्देर्रामांच्या, नावावर होता. परवाना ज्याच्या जिवावर चालतो तो माणूस काम करण्याजोगा राहिला नाही, तर सरकार थोडी मुदत देतं; तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कुणी परीक्षा देऊन त्याची जागा घ्यावी, नाहीतर धंद्याला टाळं! परीक्षेचे पेपर दोन होते, एक कायद्याचा आणि एक प्रत्यक्ष बांधकामाचा. एफ्राईन एकदा बसून थोडक्यात नापास झाला होता. त्याचे हात सोन्याचे होते. पण छापील इंग्रजी समोर आलं की तो धुक्यात सापडलेल्या माणसासारखा चाचपडायचा. त्याला जे यायचं ते कानानं यायचं.

परीक्षेला ओफेलिया का बसू नये, हे या घरात कुणी विचारलं नाही. पुल्गादाला कोण विचारणार?

स्पॅनिशमध्ये पुल्गादा म्हणजे इंच. गेली चोवीस वर्षं हेच तिचं नाव होतं. गेल्याच नाताळात, सगळे मिळून मक्याच्या पिठाचे तमालेस वळत बसले असताना, एफ्राईननं एक तमाल दोन बोटांत धरून उजेडासमोर मोजला होता आणि सगळ्या घराला हसवलं होतं: "हा एक इंच आखूड आहे! हा पुल्गादानं वळलेला दिसतोय!" ओफेलियाही हसली होती. हसण्याचं काम ती चोवीस वर्षं चोख करत आली होती.

सुताराच्या टेपच्या टोकाला पत्र्याचा एक छोटा हूक असतो. टेप जुनी झाली की तो वाकतो, सैल होतो, आणि खोटं माप सांगू लागतो. म्हणून कसबी माणसं त्या हुकावर भरवसा ठेवत नाहीत. ती टेपवरची एक इंचाची खूण लाकडाच्या कडेवर धरतात आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला ओरडून सांगतात, 'एक जाळला!' म्हणजे पहिला इंच हिशेबातून गेला, आता पलीकडच्यानं खूण करताना एक इंच पुढे जायचं. ज्याच्या हातात हूक, त्यानं ओरडायचं. याला अपवाद नाही. ओरडणं राहिलं, तर लाकूड एक इंच आखूड कापलं जातं, आणि आखूड लाकूड कुठल्याही प्रार्थनेनं लांब होत नाही.

चोवीस वर्षांपूर्वी, फ्रेझ्नोशेजारच्या क्लोव्हिस गावातल्या एका घराची मुख्य तुळई कारखान्यातून खास बनवून आणली होती. हुकाच्या टोकाला अपा होते. पेन्सिल ओफेलियाच्या हातात होती; ती बावीस वर्षांची होती आणि बापाच्या हाताखाली कामावर चढलेली त्या भागातली बहुधा एकटीच मुलगी होती. अपा ओरडले नाहीत. तिनं टेपवर दिसलं तिथं खूण केली, करवत फिरली, क्रेननं तुळई वर उचलली... आणि एका बाजूच्या खांबावर ती टेकेना! खाली घरमालक उभा होता, सगळे कारागीर उभे होते, अठरा वर्षांचा एफ्राईन उभा होता. ओफेलियानं बापाकडे पाहिलं. त्या ताठ, अभिमानी, नुकताच परवाना मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत चाललेलं तिनं पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावरच्या मायेपोटी, एका क्षणाच्या वेड्या मायेपोटी, ती बोलून गेली, "मी विसरले. चूक माझी आहे."

तिला वाटलं, संध्याकाळपर्यंत अपा खरं सांगतील. संध्याकाळ झाली, नाताळ आले, गेले... अपा बोलले नाहीत. तिची रवानगी ऑफिसात झाली. 'पुल्गादा' ही पहिली हाक एफ्राईनची. आणि वर्षभरात ट्रकच्या दारावर स्पॅनिशमध्ये निळी अक्षरं उमटली: बाल्देर्रामा आणि मुलगा.

कागदोपत्री ती ऑफिसात होती, एवढंच खरं. रोज सकाळी कामांवर फेरी मारून पायाच्या आखणीच्या दोऱ्या तपासणं, सरकारी तपासनीस यायच्या आत एफ्राईनच्या चुका उसवून घेणं, हे सगळं तीच करत होती. त्या दिवसापासून तिनं एक नेम मात्र पाळला होता: माप घेताना टेपचं दुसरं टोक ती कुणाच्याही हातात देत नसे. खिळा ठोकायची, टेप खिळ्याला अडकवायची, आणि एकटी मोजायची.

सूड!... हा शब्द तिनं मनातही उच्चारला नाही. तिनं फक्त गणित मांडलं. मागच्या खेपेला एफ्राईन अगदी थोडक्यात गेला होता. मग त्याला पुन्हा पाडायला मोठ्या खोटेपणाची गरजच नव्हती. दोन-चार आकडे, जिथं प्रश्न हमखास येतात तिथले, जरासे सरकवले की झालं. बाकी सगळं मात्र निर्दोष शिकवायला हवं, कारण खोटं टिकतं ते भोवतालच्या खऱ्याच्या आधारानं. तो पडेल, मुदत संपत येईल, आणि मग ते थरथरतं बोट, तो डावा हात, लाचार होऊन तिच्याकडे वळेल! त्या क्षणाची चव ती आतापासूनच चाखू लागली होती. त्या क्षणी ती काय म्हणेल, तेही ठरलं होतं. 'पुल्गादाला विचारताय?' एवढंच.

संध्याकाळचं जेवण झालं की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. अपा खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत असत. अमा भांडी विसळता विसळता दवाखान्यातल्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत असे.

"केवढा घाला पडला माणसावर! पण एकदाच काय ती वाचा फुटली, तेव्हा काय म्हणाले माहितेय? 'मी ओरडलो नाही.' बघ! मरणाच्या दारातून आले, पण कण्हल्याचा आवाज नाही काढला, हेच त्यांनी सांगितलं. असा मर्द!"

अपा ते बोलले तेव्हा ओफेलिया ऑफिसात मजुरांचे पगार वाटत होती. ते शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ऐकले असते तरी त्या दिवसांत तिच्या कानांवर द्वेषाचा इतका जाड थर चढला होता, की ते आतवर पोचलेच नसते.

"झोपायच्या खोलीची खिडकी," ती एफ्राईनला म्हणाली. "आग लागली तर माणसाला तिच्यातून बाहेर पडता आलं पाहिजे. खिडकीची खालची कड जमिनीपासून जास्तीत जास्त किती उंच?"

"सांग."

"अठ्ठेचाळीस इंच." खरा आकडा चव्वेचाळीस होता. तिचा स्वर हललासुद्धा नाही. "चार फूट. लक्षात ठेवायला सोपं."

"चार फूट," एफ्राईन डोळे मिटून पुटपुटला. "आणि खंदक? आधाराच्या फळ्या कुठपासून लावायच्या?"

ओफेलिया क्षणभर थांबली. पाच फूट. पाच फुटांपासून पुढे खोदायचं, तर बाजूच्या मातीला आधार दिल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही.

"सहा," ती म्हणाली. "माणसाची उंची. डोकं वर राहतंय तोवर आधार नको. असं लक्षात ठेव."

"तू सांगतेस तेव्हा डोक्यात बसतं बघ," एफ्राईन म्हणाला. "शाळेत तुझ्यासारखं कुणी असतं, तर मी वकील झालो असतो."

"तू? न्यायाधीशालाच हातोडा मारला असतास."

तो खळखळून हसला. अपांच्या ओठांचा एक कोपराही हलला. आणि ओफेलियाला, त्या हसण्याच्या ऐन मध्यावर, आपण किती गार झालो आहोत याची जाणीव झाली. पण तिनं ती बाजूला सारली.

आठवड्याभरातच एक अनपेक्षित गोष्ट घडली. एफ्राईन शिकलेलं कामावर वापरू लागला! चेमा हा त्यांचा जुना मुकादम; ओफेलियाला तो मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. तो ऑफिसात येऊन खुर्चीत धपकन बसला.

"दोन्या ओफे, आज कमालच झाली. तुमच्या भावानं सांगर गावातल्या घराची खिडकी सत्तेचाळीस इंचांवर बसवली. मी म्हटलं, उंच वाटते, तर ऐकेना. तपासनीसानं लगेच लाल शेरा मारला. सगळी भिंत उसवावी लागली."

"मग?" ओफेलियाच्या छातीत काहीतरी विजयासारखं फडफडलं.

"मग काय! मला वाटलं, आता हा तुमच्या नावानं शंख करणार. तर सगळ्या माणसांसमोर म्हणाला, 'मी विसरलो. बहिणीनं बरोबरच सांगितलं असणार, मीच चुकीचं ऐकलं. चूक माझी आहे.'"

चूक माझी आहे... तेच शब्द! ओफेलियाच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली आणि घरंगळत कडेपर्यंत गेली. चोवीस वर्षांत या घराण्यातल्या एकाही पुरुषाच्या तोंडून तिनं हे वाक्य ऐकलं नव्हतं; आणि ऐकलं तेव्हा ते खोटं होतं, आणि त्या खोट्याची जननी ती स्वतः होती! त्याच क्षणी उठून तिनं सगळं सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. सुडाला एकदा हाताची सवय लागली की हात आपला राहत नाही. 'त्याला एकदा कळू दे,' ती स्वतःला म्हणाली, 'न केलेल्या चुकीचं ओझं कसं असतं ते.'



डिसेंबरात फ्रेझ्नोच्या खोऱ्यात धुकं उतरतं, ते असं की माणसाला स्वतःच्या मोटारीचं नाक दिसत नाही. त्या सकाळी ओफेलिया कामांवर फेरीला गेली नव्हती. "धुक्यात येऊ नकोस, मी आहे," असं एफ्राईनच सांगून गेला होता. ऑफिसातला फोन वाजला. यंत्रं आणि अवजारं भाड्यानं देणारा वार्तान बोलत होता.

"दोन्या ओफे, तुमच्या त्या खंदकाच्या आधाराच्या फळ्या आणि जॅक परत आले. भाडं मात्र पूर्ण दिवसाचं लागेल, चालेल ना?"

"परत आले? का?"

"एफ्राईन म्हणाला, खंदक साडेपाच फूटच आहे, सहाच्या आत आधार लागत नाही. मी इतकी वर्षं हा माल देतोय, माझ्या डोक्यात पाच होतं बुवा. तर म्हणाला, माझी बहीण सहा म्हणते, मग सहाच. मी म्हटलं, तुमची बहीण म्हणजे..."

पुढचं तिनं ऐकलं नाही.

साडेपाच! पाच आणि सहा यांच्या बरोबर मधे! जगातले सगळे आकडे सोडून तिच्या भावाचा जीव नेमका त्या फटीत जाऊन उभा होता, जी तिनं स्वतःच्या हातानं उघडली होती! तिनं त्याचा फोन लावला. वाजत राहिला. तो ट्रकमध्ये, काचेपाशी ठेवलेला असणार. एफ्राईन खाली उतरताना फोन नेहमी तिथंच ठेवतो. चेमाचा लावला. तोही वाजत राहिला.

ती मोटार चालवत होती, आणि तिचं मन, जे आयुष्यभर मोजत आलं होतं, तेवढ्या वेळातही मोजत होतं. तिला ते थांबवता येईना. जेमतेम तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच एवढी ओली माती एका मोटारीइतकी जड असते. ती छातीपर्यंत आली तरी पुरे. डोकं वर राहिलं म्हणून काही वाचत नाही. श्वास घ्यायला छातीला फुगावं लागतं, आणि साध्या श्वासाला ती फुगते किती? एखादा इंच... एक इंच! तेवढीसुद्धा जागा माती देत नाही. 'डोकं वर राहतंय तोवर आधार नको. असं लक्षात ठेव.' असं ती म्हणाली होती! आणि त्यानं ते लक्षात ठेवलं होतं!

धुक्यातून आधी पिवळा दिवा दिसला, मग ट्रकचं दार, मग खंदकाच्या अगदी कडेला रचलेला ओल्या मातीचा ढीग. एफ्राईन खाली सांडपाण्याचा नळ जुळवत होता. फक्त त्याची टोपी वर दिसत होती.

"बाहेर ये!" ती किंचाळली. "एफ्राईन, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

टोपी मागे झुकली. "अरे! मास्तरीणबाई धुक्यातून आल्या! चेमा, खुर्ची आण."

"पाच! सहा नाही, पाच! मी खोटं सांगितलं तुला! मुद्दाम खोटं सांगितलं... बाहेर ये, तुझ्या पाया पडते, बाहेर ये!"

एफ्राईनचा चेहरा पालटला. तो शिडी चढून आला. चेमानं कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना बोटं लावत क्रूस काढला आणि, शहाणा माणूस, तो पार पलीकडे जाऊन उभा राहिला.

भाऊ-बहीण ट्रकच्या मागच्या फळीशी समोरासमोर उभे होते. तिला हुंदके आवरत नव्हते. त्याच्या हातापायांवरची माती टपटप गळत होती.

"खिडकी?" त्यानं विचारलं.

"तीसुद्धा."

"आणखी?"

"जिन्याच्या पायरीची उंची. आणि घरमालकाकडून आगाऊ पैसे किती घ्यायचे तो नियम."

"मला नापास करायचं होतं तुला, की पुरायचं होतं?"

"नापास! फक्त नापास, एफ्राईन, देवाशपथ..." देवावर तिचा विश्वास नव्हता, पण त्या क्षणी दुसरं काही हाताशी नव्हतं.

"मातीला तो फरक कळत नाही, ओफेलिया." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी उद्या इथं दुसऱ्या कुणाला उतरवणार होतो. कुणाच्या तरी बापाला. मी त्याच्या बायकोला काय सांगितलं असतं? माझ्या बहिणीचा माझ्यावर राग होता म्हणून?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चोवीस वर्षांचा अन्याय तिच्या बाजूला होता. पण त्या अन्यायाचं वजन कितीही भरलं, तरी या एका फुटाच्या पारड्यात ते तिच्या उपयोगी पडणार नव्हतं.

एफ्राईन ट्रकच्या फळीवर बसला.

"दवाखान्यात अपा एकदाच काय बोलले, ते अमा सांगते ना?"

"मी ओरडलो नाही," ती हुंदक्यातून म्हणाली. "ते शूर आहेत म्हणून..."

"अमाला तसं वाटलं. मी त्यांना विचारलं, काय ओरडला नाहीत, अपा? तर त्यांनी एक बोट वर केलं. असं. एक. मला काही उमगेना. मग त्यांनी तेच बोट उशीच्या कडेवर ठेवलं आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले, डोळ्यांतून पाणी गळतंय..." एफ्राईननं आपलं बोट ट्रकच्या फळीच्या कडेवर ठेवून दाखवलं. "आणि मला क्लोव्हिस आठवलं. मी तिथंच उभा होतो, ओफेलिया! तुझ्यापेक्षा त्यांच्या जवळ उभा होतो. आणि 'एक जाळला' अशी हाक मी ऐकलीच नव्हती. कशी ऐकणार? ती दिलीच नव्हती. एवढी वर्षं मला एकदाही सुचलं नाही, की ऐकली नाही म्हणजे काय ते."

धुक्यात कुठंतरी एक कुत्रं भुंकलं, थांबलं.

"तूच शिकवावंस, असं त्यांना मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुझ्यासमोर बसायला काहीतरी कारण हवं होतं. रोज वाटायचं, आज सांगतो, आज माफी मागतो. तोंडच उघडेना. तुला त्या नावानं पुन्हा हाक मारणं मात्र जमेना. म्हणून मास्तरीणबाई म्हणायला लागलो. तेवढीच हिंमत झाली."

"मला वाटलं, तू चिडवतोयस..."

"चिडवायचा हक्क मी कधीच घालवून बसलोय."

ओफेलिया त्याच्या शेजारी बसली. त्यानं मातीनं माखलेला हात पुढे केला नाही, आणि तिनंही केला नाही. तसं काही करण्याइतकं ते सोपं नव्हतं. पण दोघांचे खांदे एकमेकांना टेकले होते, आणि कुणीच बाजूला झालं नाही.

"मी तुला माफ केलं, असं आज म्हणणार नाही," एफ्राईन शेवटी म्हणाला. "आज जमणार नाही."

"मलाही नाही जमणार," ती म्हणाली.

"मग एकदा दोघांना मिळून जमेल तेव्हा बघू." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "आता ते चार आकडे नीट सांग. आणि परीक्षेचा अर्ज तूसुद्धा भर. कामाच्या अनुभवाची सही मी देतो. इतकी वर्षं रोज सकाळी माझ्या चुका उसवत फिरतेस, ते काय ऑफिसकाम आहे?"

एफ्राईन वर चढला त्याच क्षणी खंदकाची भिंत कोसळली असती, तर गोष्ट अधिक देखणी झाली असती. पण मातीला वेळ साधायची सवय नसते. खंदक रिकामा होता, सगळे ट्रकपाशी बसून जेवत होते, तेव्हा ती एका बाजूनं सरकली. मोठा आवाजही झाला नाही, उसासा टाकावा तसा फक्त एक सुस्कारा झाला. नळ जिथं जुळवायचा राहिला होता तिथं, माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत, माती येऊन शांत बसली. कुणाच्याही हातातला घास पुढे गेला नाही. चेमानं तेवढं वार्तानला फोन करून फळ्या परत मागवल्या.

परीक्षेआधीच्या रविवारी घरापुढे उतरण बांधायला काढली. अपांची खुर्ची रोज दोघांनी उचलून दारातून बाहेर काढायची, हे किती दिवस चालणार? चेमा आला, अमानं मोठ्या पातेल्यात मेनुदोचा रस्सा चढवला, आणि कोवळं ऊन पडलेल्या अंगणात लाकडं पसरली गेली.

"उंबरा किती उंच आहे?" ओफेलियानं विचारलं.

"एकवीस इंच," एफ्राईन म्हणाला. "म्हणजे उतरण एकवीस फूट. एक इंच चढायला एक फूट."

"पक्कं?"

"पुस्तकात स्वतः वाचलं. इंग्रजीत. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे हं," तो घाईघाईनं म्हणाला, आणि मग दोघंही एकदम हसले, त्या हसण्यात अजून थोडा काटा होता, पण ते हसणंच होतं. "आणि मास्तरीणबाई, त्या ट्रकच्या दाराचं बघायला हवं. 'मुलगा'च्या जागी 'मुलं' करायचं तर आपल्या स्पॅनिशमध्ये शेवटी एकच अक्षर वाढवावं लागतं. रंगाचा डबाही आणलाय मी."

"आधी पास तर हो."

कठड्याच्या फळीचं माप घ्यायचं होतं. ओफेलियानं सवयीनं खिळा आणि हातोडी उचलली, तेवढ्यात अपांनी खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटली. एकदा. दोनदा. मग गॅरेजकडे बोट केलं.

"काय हवंय त्यांना?" अमा बाहेर आली. "पाणी हवंय का हो?"

एफ्राईन गॅरेजमध्ये गेला, आणि परतला तेव्हा त्याच्या हातात एक जुनी, रंग उडालेली टेप होती. तिचा हूक एका बाजूला वाकलेला होता. ती अपांनी का फेकली नव्हती, हे त्या घरात कुणी विचारलं नव्हतं.

अपांनी डावा हात पुढे केला. एफ्राईननं त्यांची खुर्ची फळीच्या टोकाशी आणून लावली. त्या म्हाताऱ्या, नवख्या, कधी टेप न धरलेल्या डाव्या हातानं टेपचं टोक फळीच्या कडेवर टेकवलं, ते निसटलं, पुन्हा टेकवलं. आणि मग ते आपल्या मुलीकडे पाहत राहिले.

ओफेलियाच्या हातात खिळा होता. तो तिनं सावकाश खिशात टाकला. टेपचं दुसरं टोक ओढत ती फळीच्या पलीकडच्या शेवटाला गेली, गुडघ्यावर बसली, आणि चौऱ्याऐंशीवर पेन्सिल टेकवून थांबली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या टेपच्या त्या टोकाला दुसऱ्या कुणाचा हात होता.

तिथून अपांचा अंगठा कुठल्या खुणेवर आहे, ते तिला दिसत नव्हतं. ती उठून पाहू शकली असती. ती उठली नाही.

अंगण स्तब्ध झालं होतं. अमाच्या हातातला डाव तसाच राहिला होता, चेमानं टोपी काढली होती. अपांची मान ताणली गेली, कपाळावरची शीर फुगली, ओठांची एकच बाजू थरथरू लागली. शब्द आतल्या आत धडका देत होता...

"एक..." ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

"...जाळला!"

तो आवाज फाटका होता, वाकडा होता, पण शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा होता! आणि एवढ्यानं त्यांचं भागलं नाही. अश्रूंनी भिजलेला तो अर्धा चेहरा त्यांनी आधी चेमाकडे वळवला, मग एफ्राईनकडे, मग आयुष्यभराच्या बायकोकडे, आणि शेवटी फळीच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर बसलेल्या आपल्या लेकीकडे.

"तेव्हा... सुद्धा," अपा म्हणाले. "तेव्हा... सुद्धा."

ओफेलियाला समोरचं काही दिसेना. तिनं मनगटानं डोळे पुसले, पेन्सिल एक इंच पुढे सरकवली, आणि खूण केली.